दर दोरीला एक हात वर

धनुष्य माझं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. बांबूचं, मुठीशी काळी पट्टी गुंडाळलेलं ते धनुष्य मंडळाचं होतं. मंडळ म्हणजे तरी काय, तर आमचे सर, चार धनुष्यं आणि गवताच्या दोन गाद्या. सर साताऱ्याकडचे. वसईच्या एव्हरशाईन वसाहतीत फ्लॅट घेऊन राहायचे आणि आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. जिल्ह्याच्या निवड चाचणीत जो पास होईल त्याच्याकडे धनुष्य राहणार आणि जो होणार नाही त्याने ते परत करायचं, म्हणजे नव्या पोरांना शिकता येईल, असा त्यांचा सरळ नियम होता. धनुष्यं थोडी आणि पोरं जास्त, त्यामुळे त्यात चूक काहीच नव्हती. पण परत करायचा नुसता विचारही मला नको वाटायचा.

तिरंदाजीत मी आले ती कबड्डीतून हाकलली गेले म्हणून. मी पंचांशी भांडायची. आमची कप्तान म्हणायची, हिच्या हातापायांपेक्षा तोंडच जास्त खेळतं. खोटं नव्हतं ते. शेवटी सरांनी माझी रवानगी मैदानाच्या कोपऱ्यात केली, हातात धनुष्य दिलं आणि म्हणाले, इथे भांडायला समोर फक्त गवत आहे. केळी-पानवेलीच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी शेंदून वाढलेली मुलगी मी, धनुष्य ओढणं मला काही जड गेलं नाही. पहिला बाण गादीत घुसला तेव्हा ‘थप्प’ असा आवाज झाला. तो मला इतका आवडला की घरी जाऊन मी आईला तोंडाने काढून दाखवला. आईने विचारलं, फणस पडला का कुठे?

उन्हाळ्यापर्यंत मी बरी मारायला लागले. तीस मीटरवरून छत्तीस बाण, प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा गुण, म्हणजे सगळे मिळून तीनशे साठ. त्यातले दोनशे वीस, कधी तीस मला मिळायचे. चाचणी पास व्हायला अडीचशे लागतील, असं सर म्हणायचे. नववीतल्या मुलीला वीस-तीस गुणांचं काय ते, पावसाळा संपला की मारू, असं मी सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

पावसाळा संपला आणि मैदानच संपलं. दिवाळीनंतर गेलो तर चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले आणि आत खड्डे खणलेले. तेव्हा वसईत हेच चाललं होतं. आज जिथे पोरं खेळायची तिथे दोन वर्षांत कुणाच्या तरी गॅलरीत टॉवेल वाळत असायचा. सरांनी हात टेकले. चाचणी फेब्रुवारीत, राजोडीच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर होणार होती. तोवर ज्याच्याकडे जागा असेल त्याने घरीच सराव करावा, मी जमेल तसा येऊन बघेन, असं त्यांनी सांगितलं. आमच्या घरी काही त्यांना यायला जमलं नाही. शाळा, शिकवण्या आणि घरी तान्हं बाळ, त्यात माणूस कुठेकुठे पुरणार?

जागेची आम्हाला काय कमी! खाडीच्या अंगाला आमची भाताची खाचरं, आणि कापणी उरकलेली. तीस मीटर म्हणजे किती हात होतात ते सरांना विचारून ये, एवढंच बाबांनी मला सांगितलं. सरांनी हिशोब करून साधारण सहासष्ट हात सांगितले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर खाचरात सगळं तयार. पेंढ्याचे भारे रचून पुरुषभर उंच भिंत, तिच्यावर ताणलेलं गोणपाट, आणि वाफे आखायच्या दोरीने अंतर मोजून माझ्यासाठी ठोकलेली खुंटी. बाबा खुंटीशेजारी मुलीच्या लग्नात उभे राहावं तसे धुतलेला सदरा घालून उभे होते. मी गोणपाटावर निशाणाचा कागद टाचला आणि बाण लावला.

तो कागदापर्यंत पोहोचलाच नाही. खाली, भिंतीच्या पायथ्याशी, धसकटांत जाऊन पडला. दुसरा गोणपाटाच्या खालच्या काठाला लागला. तिसरा पुन्हा मातीत. बाबा वाकून धसकटांत बाण शोधत राहिले आणि मी उभी राहून धनुष्याला शिव्या घालत राहिले. पावसाने बांबू नरम झाला असेल, असं आधी वाटलं. मग वाटलं, चार महिने काही केलं नाही, माझेच हात गेले.

गेले तर गेले, आणू परत! मी हार मानणारी नव्हते. ध्येय नेहमी मोठं ठेवावं, असं शाळेच्या फळ्यावर दर आठवड्याला कुणीतरी लिहायचंच. घरात भाताच्या कणगीमागे एक पांढरी भिंत होती. तिथे मी कोळशाने मोठ्ठा आकडा लिहिला, २८०. रोज संध्याकाळी सराव करायचा, गुण मोजायचे आणि त्या आकड्याकडे बघायचं. पहिल्याच संध्याकाळी मला दीडशेसुद्धा पडले नव्हते. आठवड्याभराने मी २८० पुसून २५० केलं. मग २२०. कागदाच्या मध्यावर नेम धरून बाण खालीच जातो म्हटल्यावर मी नेम हळूहळू वर न्यायला लागले, पार कागदाच्या वरच्या कडेपर्यंत. तेव्हा कुठे बाण कागदाला लागायला लागले, पण एक इकडे तर एक तिकडे. एका संध्याकाळी चिडून मी भिंतीवर २०० लिहीत होते, तेवढ्यात आई भात काढायला आली. तिने त्या खोडलेल्या आकड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, आज केळ्यांचा भाव पडला वाटतं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण हसूही आलं, कारण खरंच ते आकडे बाजारभावासारखेच दिसत होते.

सरांच्या घरी केळी द्यायच्या निमित्ताने मी एव्हरशाईनला गेले ती दुसऱ्या दिवशी. सरांच्या बायकोने डझनभर मागवली होती. बाबांनी पंधरा दिली होती. सरांनी ती मोजली आणि हसून विचारलं, तुझ्या बाबांना मोजता येत नाही का गं? मला हसण्याचं त्राण नव्हतं. मी सोफ्यावर बसले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. माझं काही होणार नाही, धनुष्य आत्ताच घेऊन टाका, फेब्रुवारीपर्यंत कशाला थांबायचं, असंही म्हणाले. सर बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, भिंतीवर काय लिहिलंयस? मी आकडा सांगितला. ते म्हणाले, तो पूस. गुण किती पडतील हे तुझ्या हातात नाही, डावा हात तुझ्या हातात आहे. एक आठवडा फक्त डाव्या हाताकडे बघ. तो हलायला नको. पुढच्या आठवड्यात प्रत्यंचा हनुवटीला रोज एकाच जागी टेकली पाहिजे, बस. त्यानंतर सोडायची घाई बंद. एका वेळी एकच. गुण मोजायचेच नाहीत.

“आणि नेम चुकला तर?” मी विचारलं.

“चुकू दे. पण सहाच्या सहा बाण एकाच जागी चुकले पाहिजेत. दहा जागी चुकणाऱ्याला मी काही शिकवू शकत नाही. एका जागी चुकणाऱ्याला शिकवता येतं.”

हे काय ध्येय झालं, असं मला वाटलं. चुकायचं आणि तेही नीट चुकायचं! पण दुसरं काही सुचत नव्हतं. घरी येऊन भिंत पुसली आणि आकड्याच्या जागी लिहिलं, डावा हात. आईने संध्याकाळी विचारलं, डाव्या हाताला काय झालं, तेल लावून देऊ का?

तो हिवाळा मला अजून आठवतो. शाळेतून यायचं, चहाबरोबर पाव खायचा आणि खाचरात जायचं. ऊन उतरलेलं असायचं. खाडीवरून बगळे घरी निघालेले असायचे. बाबा वाडीतलं काम टाकून यायचे, बांधावर बसायचे, आणि सहा बाण झाले की उठून भिंतीकडे जायचे. माझ्यापेक्षा त्यांनाच बाण उपटायची घाई. पहिल्या आठवड्यात मी गुण चोरून मनात मोजायचे. दुसऱ्या आठवड्यात विसरायला लागले. डावा हात खांबासारखा राहायला लागला. प्रत्यंचा हनुवटीच्या खालच्या त्याच खळग्यात बसायला लागली. इतकी, की तिथे एक तांबूस वळ उठला आणि वर्गातल्या पोरी विचारायला लागल्या, काय चावलं? बाण सोडायच्या आधी एक श्वास थांबायचं, हे मात्र महाकठीण. मला थांबणं म्हणजे शिक्षा. पण तेही आलं.

एका संध्याकाळी बाबा सहा बाण उपटून परत आले आणि मूठ माझ्यासमोर धरली. पूर्वी सगळ्या गोणपाटभर हिंडावं लागायचं, आता एका मुठीत धरून निघतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या तोंडावर असा आनंद होता, जणू मीच सगळा खेळ जिंकून आले आहे. मला मात्र चाचणीचं भय सुटत नव्हतं. जानेवारीच्या शेवटी एकदा राहवलं नाही म्हणून मी गुण मोजले. दोनशे चौतीस. एवढी मेहनत करून मे महिन्यापेक्षा चार गुण पुढे. अडीचशे कुठच्या कुठे. त्या रात्री जेवताना मी घरात सांगून टाकलं की धनुष्य परत करायच्या तयारीला लागा.

बाबा तयारीला लागले! वस्तू परत करायची तर आणली त्याहून बरी करून द्यायची, हा त्यांचा बाणा. त्यांनी अंगणात बसून धनुष्याला खोबरेल तेल चोळलं. बांबू असा चमकायला लागला की तो ओळखू येईना. मुठीवरची जुनी पट्टी काढून नवी गुंडाळली. आईने आपल्या जुन्या साडीची खोळ शिवली आणि तिच्या तोंडाला नाडी घातली. मी दारात उभी राहून बघत होते. माझं धनुष्य सासरी निघालंय, असं वाटत होतं. मला रडू येत होतं आणि त्या दोघांचा रागही येत होता, कारण त्यांना एकदाही म्हणावंसं वाटलं नाही की अगं, तू होशील पास. आज कळतं, मीच इतक्या ठासून सांगितलं होतं की कुणाची बोलायची टाप नव्हती.

चाचणीच्या सकाळी बाबा स्कूटरवरून घेऊन गेले. मी मागे, खोळ आडवी मांडीवर. राजोडीच्या बाजूला हवा थंड आणि पडलेली होती, सुरूची पानंही हलत नव्हती. म्हणजे वाऱ्यावर खापर फोडायचीही सोय नव्हती. मैदानावर सर चुन्याच्या रेघा बघत फिरत होते. आम्हाला आधी सहा बाण सरावाचे मिळणार होते. ते गुणांत धरत नाहीत. मी रेघेवर उभी राहिले आणि समोर बघितलं. कागद घरच्यापेक्षा मोठा दिसत होता. घाबरल्यामुळे असं होत असेल, असं वाटलं.

डावा हात. हनुवटी. श्वास. घरच्यासारखाच नेम कागदाच्या वरच्या कडेवर धरून मी बाण सोडला. तो कागदाला लागलाच नाही. कागदाच्या वर, गादीच्या उघड्या गवतात घुसला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा, चौथा, सगळे वरच. कागद कोरा करकरीत. शेजारच्या मुलीने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि मला तिला फाडून खावंसं वाटलं. मागे वळून पाहिलं तर बाबा दोरीपलीकडच्या माणसांत उभे होते, खोळ नीट घडी करून काखेत धरलेली. संपलं, म्हटलं. निदान खोळ तरी चांगली आहे.

बाण काढायला आम्ही पुढे गेलो तेव्हा सर माझ्याबरोबर आले. मी उपटायला हात घातला, तर त्यांनी थांबवलं. त्यांनी आपला पंजा पसरून बाणांवर ठेवला. सहाच्या सहा त्या पंजाखाली मावले. मग त्यांनी विचारलं, घरी किती लांबून मारतेस? मी म्हटलं, तीसवरून. कुणी मोजलं? बाबांनी. सरांनी हात वर करून बाबांना बोलावलं. बाबा चपला काढून मैदानात आले, देवळात यावं तसे. अंतर कसं मोजलं, असं सरांनी त्यांना अगदी नीट विचारलं.

“दोरीनं,” बाबा म्हणाले. “दहा हाताची दोरी हाय आमची. दर दोरीला एक हात वर सोडला. आनी शेवटी अर्धी दोरी येत होती, ती पुरी केली. अर्धी कोन ठेवतो?”

“पण वर कशाला सोडला?”

बाबांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे.

“पोरीचं माप होतं, सर. कमी भरलं असतं म्हंजे?”

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग ते तिथेच, गादीच्या पायाशी, गवतावर बसले आणि हसायला लागले. हसता हसताच मला म्हणाले, अगं बाई, तू दोन-अडीच महिने पस्तीस मीटरवरून मारते आहेस. मी बाबांकडे बघितलं. शेकड्यावर पाच-सहा केळी वर, विड्याच्या पानांच्या कवळीवर दोन पानं वर, शेजाऱ्याला बांध दाखवताना आपल्यातली हातभर जमीन सोडून खुंटी. हे सगळं मी जन्मापासून बघत आले होते. आणि त्याच माणसाने माझ्यासाठी अंतर मोजलं, तेव्हा माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की ते तीस नसणार.

सर उठले, पॅंट झटकली आणि एवढंच म्हणाले, नेम कागदाच्या मध्याच्या जरा खाली धर, बाकी सगळं घरच्यासारखं कर. एकही गोष्ट बदलू नकोस.

पहिला मोजणीचा बाण लाल भागात लागला. दुसरा अगदी मधल्या पिवळ्यात. थप्प. त्यानंतर मला फारसं आठवत नाही, खरंच नाही. डावा हात आठवतो, हनुवटीवरचा तो वळ चुरचुरत होता तो आठवतो. गुण मी मोजले नाहीत, ती सवयच गेली होती. शेवटचे बाण झाले, टेबलावर बेरीज झाली, आणि सर कागद घेऊन माझ्याकडे आले. दोनशे एकाहत्तर. माझा जीव भांड्यात पडला. मी रेघेवर मटकन बसले आणि चुना फ्रॉकला लागला.

बाबा लगबगीने आले. त्यांना गुणांचं काही कळलेलं नव्हतं. मला खाली बसलेली बघून त्यांनी आपल्या मनाशी काय ते ठरवलं होतं. माझ्या हातातून त्यांनी धनुष्य हळूच काढून घेतलं, खोळीत घातलं, नाडी बांधली, आणि हलक्या आवाजात विचारलं, “कोनाकडे द्यायचं, बाय?”

“कोनाकडे नाय,” मी म्हटलं. “घरी न्यायचं.”

त्यांनी नाडीची गाठ सोडली, परत बांधली, परत सोडली. मी रडत होते आणि हसतही होते. आजूबाजूला लोक होते, तरी मला त्याचं काही वाटलं नाही. इतक्या दिवसांचं ओझं असं एकदम उतरलं की अंग हलकं होऊन कुठेतरी वाहत जाईल असं वाटत होतं. घरी येताना मात्र स्कूटरवर मी त्यांच्याशी वसईपर्यंत भांडले. एक हात वर म्हणे! माझ्या डोळ्यांखाली काळं आलं, भिंत आकड्यांनी भरली, मी कुणाकुणाला शिव्या दिल्या. बाबा पुढे बघून स्कूटर चालवत होते. शेवटी म्हणाले, कमी पडलं तर नाय ना?

पुढची चाचणी पन्नास मीटरची होती. सरांनी या वेळी स्वतःची लोखंडी टेप दिली, वर हसत बजावलं की दोरी नको. दुसऱ्याच दिवशी मी आणि बाबा खाचरात गेलो. खुंटीपाशी टेपचं टोक धरून उभे राहा, असं त्यांना सांगितलं आणि मी टेप उलगडत पेंढ्याच्या बाजूला चालत गेले. टेप ताणली, आकडा बघितला, टाचेने माती उकरून खूण केली आणि त्यांना ओरडून सांगितलं की झालं. भारे इथे आणायचे.

परत आले तर बाबा टेपचं टोक धरून अजून उभेच होते. खुंटीवर नाही. खुंटीच्या हातभर पुढे, माझ्या बाजूला.

मी खुंटीकडे बघितलं, त्यांच्या हाताकडे बघितलं. त्यांनी नजर खाडीकडे वळवली. मी धसकटांत बसून पोट दुखेपर्यंत हसले. धनुष्य घरी कणगीशेजारच्या खिळ्याला टांगलेलं होतं. हातभर लांबून मारायला मला काही अडचण नव्हती.